कापराच्या झाडाखालची अन्नपूर्णा

मी पहिल्यांदा थकले तेव्हा तेरा वर्षांची होते. हसू नका. आता चाळिशी कधीच मागे पडली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, गोळ्यांची डबी पर्समध्ये असते, तरी त्या थकव्यापुढे हा काहीच नाही. आमच्या घरात जपानी बोलता येणारी मी एकटी. बाबा पुण्याहून जपानला कॉन्ट्रॅक्टवर आलेले सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यांचं जपानी ऑफिसात सुरू व्हायचं आणि ऑफिसातच संपायचं. आईचं जपानी म्हणजे सुमिमासेन, अरिगातो आणि कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, 'पिशवी नको' म्हणून हलवायचा हात. त्यामुळे घरमालक आला की मनू, गॅसचा माणूस आला की मनू, दाताच्या डॉक्टरकडे आईच्या दाढेत नेमकी कशी कळ येते ते सांगायला मनू. ठणकते, सणकते, शिवशिवते, या तिन्हींना जपानीत काय म्हणायचं ते त्या खुर्चीशेजारी उभं राहून मी शोधत असे, आणि आई तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत असे. मैत्रिणी शाळेतून सुटल्यावर क्लबला जायच्या. मी घरी येऊन वॉर्ड ऑफिसची पत्रं वाचायची.

आणि काय होतं, दोघांच्या मधे सतत उभं राहिलं की माणूस हळूहळू गाळायला शिकतो. शाळेत बाई म्हणाल्या, डब्याचा वास वर्गभर जातो, जरा सौम्य काही देता येईल का. मी आईला म्हणाले, बाई म्हणतायत मुलीचं गणित चांगलं आहे. आई खूश, बाईंनी मान डोलावली, मी सुटले. दुसऱ्या दिवसापासून मीच डबा परत येताना रस्त्यात खायला लागले. कुणाचं काही बिघडलं नाही. असं मला वाटायचं.

कावासाकीतलं ते घर दोन खोल्यांचं. खिडकीखाली रेल्वेचं फाटक, दर चार-पाच मिनिटांनी त्याची घंटा वाजायची, आणि संध्याकाळी पाच वाजता पोरांनी आता घरी जावं म्हणून भोंग्यावरून एक सुरावट वाजायची. ती वाजली की आई कुकर चढवायची. फोडणीच्या आधी उठून खिडकी लावायची, का तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा खोकून दाखवलं होतं. भाजणी पुण्याहून यायची, डाळी टोकियोच्या दुकानातून, आणि देव राहायचे वॉशिंग मशिनच्या वरच्या फळीवर, कारण पूर्वेकडे तोंड होईल अशी घरात तेवढी एकच जागा होती. बाबा चिडवायचे, "तुझे देव स्पिन सायकलला हलतात गं." आई म्हणायची, "हलू देत, जागे तरी आहेत." त्या देवांत आईची अन्नपूर्णा होती. बोटभर उंचीची, पितळी, मांडी घालून बसलेली, हातात पळी. लग्नात गौरीहर पुजताना आजीने, म्हणजे आईच्या आईने, तिच्या हातात दिलेली. आजी त्यानंतर वर्षभरात गेली. आईला माहेरचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच. रोज चिमूटभर भात तिच्यापुढे ठेवल्याशिवाय आमच्या घरात कुणाचं पान वाढलं गेलं नाही, अगदी मला शाळेला उशीर होत असला तरी.

घराजवळ एक मोठं पार्क होतं आणि त्या पार्कात हिगुची-सान. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून रिटायर झालेले, बायको वारलेली, उंच, थोडे पोक आलेले. त्यांनी घरीच एक मेटल डिटेक्टर बनवला होता: लांब दांडी, खाली ताटलीएवढी गोल चकती, कानाला हेडफोन. सकाळी नऊला यायचे आणि शेतात औत धरल्यासारखे ओळीने पार्कभर चालायचे. टूं वाजलं की गुडघ्यावर बसायचे, लहानशा खुरप्याने गवताचा चौकोन वडीच्या तुकड्यासारखा उचलायचे, खालचं काय ते काढायचे आणि चौकोन परत जागेवर दाबून बसवायचे. बाटल्यांची बुचं, मोडके खिळे, कुणाचं कानातलं, एखादं नाणं. कचरा पिशवीत जायचा, आणि बाकी सगळं, अगदी फुटकळ नाणंसुद्धा, ते कोपऱ्यावरच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीसचौकीत नेऊन द्यायचे आणि फॉर्म भरायचे. चौकीतला पोलीस त्यांना बघून हल्ली उसासा टाकतो, असं ते मला हसत हसत सांगायचे.

आमची ओळख किल्लीवरून झाली. घराची किल्ली मी पार्कात हरवली. कुलूप बदलायचं तर घरमालकाला सांगावं लागणार, आणि परदेशी भाडेकरू म्हणून आधीच आम्हाला घर मिळता मिळेना झालेलं. मी गवतात रडत शोधत होते. हिगुची-सान आले आणि दीड तास त्या गवतात ओळीने फिरले. किल्ली सापडल्यावर दोन्ही हातांनी मला दिली. म्हणाले, "ही तुझ्यासमोरच सापडली, हिचा फॉर्म नको भरायला." आईने लगेच बेसन भाजायला घेतलं. लाडवांचा डबा मी नेऊन दिला, तो डबा दोन दिवसांनी संत्री भरून परत आला, मग आई चकल्या करायला बसली, आणि हे असं चालूच राहिलं. आई त्यांना टूंटूं आजोबा म्हणायची.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी दुपारी भूकंप झाला. मोठा नव्हे, तिथल्या मानाने किरकोळच. भांडी वाजली, दिवा हलला, बाबा म्हणाले, "बसा, बसा, थांबेल." थांबला. पण फळीवरून अन्नपूर्णा खाली आली ती मशिनच्या कडेवर आपटली, आणि पळीचा हात खांद्यापासून निखळला. आईने तिला उचललं. हात काही सापडला नाही. आई जमिनीवर बसूनच राहिली.

"अगं, डाग देऊन आणू," बाबा म्हणाले. "ऑफिसात ओळखी आहेत."

"खंडित झाली हो ती," आई म्हणाली. "डाग देऊन काय, भांडं आहे का ते?"

खंडित मूर्ती घरात ठेवायची नाही, तिला पाण्यात सोडायची, एवढं आईला पक्कं ठाऊक. पण कुठल्या पाण्यात? नदी दहा मिनिटांवर. बाबा म्हणाले, नदीत वस्तू टाकणं हा इथे गुन्हा आहे, कुणी बघितलं तर तक्रार करतील, आणि या महिन्यात व्हिसाचं रिन्युअल आहे. मग मी, घरातली कचऱ्याची तज्ज्ञ, भिंतीवरचं वेळापत्रक वाचून म्हणाले, "आई, छोट्या धातूंचा वार महिन्यातून दोनदा असतो. येत्या बुधवारी आहे." त्या वेळी आईने माझ्याकडे जे बघितलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. "माझ्या आईने दिलेली अन्नपूर्णा मी कचऱ्याच्या गाडीत टाकू?" एवढंच ती म्हणाली. (इथली देवळं मोडक्या सुया घेतात, जुन्या बाहुल्या घेतात, त्यांच्यासाठी मंत्र म्हणून त्यांना रीतसर निरोप देतात, हे मला विशीत कळलं. एका फोनचं काम होतं. तो फोन कुणी करायचा, तर मीच, पण मला माहीतच नव्हतं.)

पार्कात मधोमध एक प्रचंड झाड होतं. आईने एकदा त्याचं पडलेलं पान सहज चुरगाळलं आणि वास घेऊन थबकली. कापूर! खरोखरचं कापराचं झाड. तेव्हापासून जाता-येता ती त्या झाडाला नमस्कार करायची. तर त्या बुधवारी सकाळी, भुरभुर पावसात, पार्कात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा आईने अन्नपूर्णेला लाल खणात गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं, मूठभर तांदूळ घातले, आणि स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन त्या झाडाच्या दोन मुळांच्या बेचक्यात खड्डा खणला. मी तिच्यावर छत्री धरली होती आणि इकडेतिकडे बघत होते. आईचे ओठ हलत होते. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. शाळेतलं कुणी आलं तर काय सांगायचं, याचीच वाक्यं मी मनात जुळवत होते. उलथनं तिने घरी आणून तीनदा घासलं आणि तरी पुन्हा कधी पोळीला लावलं नाही.

पंधरा दिवसांनी मशिन गळायला लागलं, ते सरकवलं तेव्हा खाली पळीचा हात सापडला. नखाएवढी पळी, तिला धरलेली चार बोटं. आईने तो हळदीकुंकवाच्या डबीत ठेवला. पुन्हा पाऊस पडेल तेव्हा नेऊन ठेवू म्हणाली. पण तिथे पावसाळ्यानंतर उन्हाळा येतो, तो कोरडा गेला, पार्कात सतत पोरं असायची, आणि राहिलं ते राहिलंच.

पानं रंगायला लागली तेव्हा हिगुची-सानना ती सापडली. ते झाडांच्या मुळाशी एरवी जात नसत, पण आवाज इतका स्पष्ट आला म्हणे की राहवलं नाही. त्यांनी ती नेहमीसारखी कोबानमध्ये दिली. नेहमीसारखा उसासा मात्र या वेळी कुणी टाकला नाही. कुजका लाल कपडा, कपड्यावर रक्तासारखे डाग, तांदूळ, हात तुटलेली देवी. कुठल्या देवळातली चोरी असेल, शेकडो वर्षांपूर्वीचं काही असेल, वॉर्ड ऑफिसातून माणसं आली, झाडाभोवती पिवळी पट्टी लागली. आमच्या भागातल्या छोट्या वर्तमानपत्रात फोटो आला: हिगुची-सान, हातात तो डिटेक्टर, लाजून हसतायत. त्या आठवड्यात पार्कातल्या बायका त्यांच्याशी स्वतःहून बोलायला लागल्या. मला म्हणाले, "बायको असती तर तिने हे कापून भिंतीला लावलं असतं." मी "हो" म्हणाले. 

मग म्युझियममधले एक गृहस्थ आले, त्यांनी मूर्ती बघितली आणि सांगितलं, ही जुनी वगैरे काही नाही, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, परदेशी बाजारात मिळणारी साधी पितळी वस्तू आहे. झालं. पट्टी निघाली, पण जिभा सुटल्या. हे नवंकोरं सामान इथे आलं कसं? पुरलं कुणी? ज्याच्या हातात यंत्र त्यानेच, दुसऱ्या कुणाला काय पडलंय! एकटा म्हातारा, फोटो हवा होता, बघा कसा हसतोय. वस्तीच्या मंडळाने तक्रार दिली. महिन्याभरात पार्काच्या चारही दारांवर पाट्या आल्या: पार्कात मेटल डिटेक्टर वापरण्यास आणि जमीन खणण्यास सक्त मनाई. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पूर्वी एका व्यक्तीने स्वतः वस्तू पुरून ती सापडल्याची खोटी बतावणी केल्यामुळे हा नियम करावा लागत आहे. नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती, यंत्र घेऊन फिरणारा माणूस पार्कात एकच. आईने मला विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी म्हणाले, "खणायचं नाही, एवढंच." पण गावगप्पा तिला आमच्या बिल्डिंगमधल्या गुजराती काकूंकडून कळल्याच.

त्या रविवारी घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण बाबांचा आवाज कधी चढायचा नाही.

"आपण जाऊन सांगायचं," आई म्हणाली. "आपली किल्ली त्यांनी शोधून दिली. आपल्यामुळे त्यांना लोक खोटारडे म्हणतायत."

"अगं, पण झाडाखाली खणलं कुणी? आपण. चौकशी होणार, माझ्या कंपनीला फोन जाणार. गुन्हा मोठा नाही, पण फाईलला लागतं ना. रिन्युअल अडकलंय आधीच. परत जायचं का? मनूची शाळा?"

"तुम्ही म्हणता ते कळतं हो मला."

"मग गप्प बस. दोन महिन्यांत लोक विसरतील. आणि मनू, तूही काही बोलायचं नाहीस. कळलं?"

मी मान डोलावली.  आईने चहा केला, बाबांना दिला, आणि मंगळवारी ते ऑफिसला गेल्यावर मी शाळेतून यायची वाट बघत ती चांगली साडी नेसून तयार बसली होती. पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी.

पार्कचं ऑफिस म्हणजे तळ्यामागची बैठी खोली. आत एक मध्यमवयीन अधिकारी, गळ्यात ओळखपत्र, समोर गार झालेला चहा. आई खुर्चीत बसली नाही. म्हणाली, "सांग त्यांना. ती मूर्ती माझी आहे, माझ्या आईने दिलेली. हात तुटला म्हणून मी झाडाखाली ठेवली. चूक माझी आहे. त्या आजोबांनी काही खोटं केलेलं नाही. जी काय शिक्षा असेल ती मला द्या."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, वाक्य तयार होतं, शब्द न् शब्द. पण त्याच क्षणी मला बाबांची फाईल दिसली, पुण्याची शाळा दिसली, जिथलं मराठी वाचन माझं केव्हाच मागे पडलं होतं, आणि दोन मैत्रिणी दिसल्या, ज्या चार वर्षांनी कशाबशा मिळाल्या होत्या. आणि रागही आला. हिचा देव, हिचं उलथनं, हिची चूक, आणि बोलायचं मी. मी म्हणाले, "माझी आई म्हणते, हिगुची-सान फार चांगले आहेत. त्यांनी आमची किल्ली शोधून दिली होती. कृपा करून त्यांच्यावर रागावू नका."

तो माणूस उठून उभा राहिला. भला माणूस होता. म्हणाला, "आईंच्या भावना पोचल्या. आमचाही त्यांच्यावर राग नाही. पण खणण्याने झाडांची मुळं दुखावतात, मुलांचे पाय खड्ड्यात जातात, आणि लढाईच्या वेळचे न फुटलेले गोळे अजून या जमिनीत मिळतात. नियम सगळ्यांनाच." नियम काही चुकीचा नव्हता, हेही इथे सांगायला हवं. चूक होतं ते खालचं बारीक वाक्य.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"म्हणाले, समजलं. येऊन सांगितलंत ते बरं केलंत."

"आणि शिक्षा?"

"काही नाही म्हणाले."

आई पर्सची चेन उघडायला लागली. "हा हात दाखवते त्यांना, म्हणजे खात्री पटेल."

"नको म्हणतायत ते, आई. गरज नाही."

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती त्या माणसापुढे वाकली, तो तिच्यापुढे वाकला, ती पुन्हा वाकली, तो पुन्हा वाकला, आणि मधे मी. बाहेर आल्यावर तिने मला कोनबिनीतून आइस्क्रीम घेऊन दिलं. "बघ मनू, खरं सांगून टाकलं की कसं हलकं वाटतं. आणि तू काय नीट बोललीस गं! बाबांना आत्ताच काही सांगू नकोस, मी सांगेन सावकाश." ते आइस्क्रीम मी सगळं संपवलं.

हिगुची-सानचं फिरणं बंद झालं. आईला वाटायचं, नियम आहे म्हणून त्यांनी सोडलं, पण नाव तरी धुतलं गेलं. मला माहीत होतं की ते आता दूधसुद्धा पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानातून आणतात. पुढच्या एका बुधवारी, छोट्या धातूंच्या वाराला, शाळेत जाताना मला कचऱ्याच्या जागेवर तो डिटेक्टर दिसला. दांडी वेगळी, तांब्याची तार गुंडाळून सुतळीने बांधलेली, बॅटऱ्या पारदर्शक पिशवीत, चकतीचं प्लास्टिक त्यात नव्हतंच, त्याचा वार दुसरा. सगळं नियमानुसार. मी तिथे उभी राहिले आणि मग शाळेत गेले.

बाबांचं रिन्युअल झालं. गुढीपाडव्याला आईने पुरणपोळ्या केल्या आणि चार पोळ्या देऊन मला हिगुची-सानकडे पाठवलं. त्यांनी मला आत बोलावलं. बायकोच्या फोटोसमोरच्या छोट्या देव्हाऱ्यात, उदबत्तीशेजारी, आमची अन्नपूर्णा बसली होती. सापडलेल्या वस्तूला काही महिने कुणी मालक आला नाही की ती ज्याला सापडली त्याची होते, तसा तिथला कायदा आहे; तशी ती त्यांच्याकडे आली होती. तिच्यापुढे वाटीत पांढरा भात होता, वाफ निघत होती. मी दारातच उभी. ते माझ्याकडे बघत नव्हते, पोळ्यांचा डबा उघडून वास घेत होते. मग स्वतःच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे बोट टेकवून म्हणाले, "कपड्यावरचा तो लाल रंग मी आधी कुठे पाहिलाय, ते मला पहिल्याच दिवशी आठवलं होतं." मी वाटीतल्या भाताकडे बघत राहिले. ते म्हणाले, "तुझी शाळा आहे, वडिलांची नोकरी आहे. मी म्हातारा, माझं काय अडतं? आईला फक्त एवढं सांग, की मी हिला रोज भात देतो."

तो निरोप मी आईला दिला नाही. दिला असता तर ती धावत त्यांच्याकडे गेली असती, बोलायला मलाच घेऊन, आणि पार्क ऑफिसातलं माझं सगळं बाहेर आलं असतं. "आवडल्या म्हणाले पोळ्या," एवढं मी सांगितलं. वर्षभरात त्यांची मुलगी येऊन त्यांना उत्तरेकडे घेऊन गेली, आणि पुढे कधीतरी ते गेल्याचं कळलं. मी मोठी झाले आणि दुभाषी झाले. टोकियोच्या ऑफिसांत आजही दोन माणसांच्या मधे बसते. लोक म्हणतात, तुम्ही एक शब्दही सोडत नाही. सोडत नाही खरंच. संध्याकाळी घरी येते तेव्हा कुणाशी बोलायचं त्राण राहत नाही.

आई-बाबा पुढे पुण्याला परतले. बाबा गेल्यापासून आई दर वसंतात पुण्याहून तीन महिने माझ्याकडे येते. या वर्षी म्हणाली, त्या कापराच्या झाडाला एकदा भेटून येऊ. गेलो. पार्काच्या दाराशी नवी पाटी होती: डिटेक्टरचं चित्र, त्यावर लाल काट, आणि आता जपानीच्या जोडीला इंग्रजीही. आईने चष्मा चढवला आणि हळूहळू सगळं वाचलं. अगदी खालचं बारीकसुद्धा.

"मनू," ती म्हणाली, "इथे फसवणूक झाली असं का लिहिलंय? आपण तर सांगितलं होतं ना सगळं?"

अनेक वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि उत्तरं माझ्याकडे दहा होती. पण मी फार थकले होते. "मी सांगितलंच नव्हतं आई," मी म्हणाले. "तू बोललीस ते मी नाही सांगितलं. मी दुसरंच काहीतरी बोलले."

आई पाटीकडेच बघत राहिली. मग तिने विचारलं, "ऑफिस अजून तिथेच आहे?"

"असेल. पण आता कुणाला काय..."

"चल. आणि आता मी तुझ्या तोंडाकडे बघत बसणार आहे."

ऑफिसात एक तरुण मुलगी होती. आईने तेच सांगितलं, त्याच क्रमाने, पर्समधून डबी काढून पितळी हात टेबलावर ठेवला, आणि मी शब्द न् शब्द जपानीत सांगत गेले. मुलीने विचारलं, खणलं कशाने? "उलथन्याने," आई म्हणाली, आणि मी तेही सांगितलं. मुलगी हसली नाही. जुन्या नोंदी इथे नाहीत म्हणाली, पण लिहून घेते, तुमचं म्हणणं काय? आई म्हणाली, "ते खालचं वाक्य काढा. ते आजोबा खोटं बोलले नव्हते. त्यांचं नाव लिहा." मी नाव सांगितलं, मुलीने लिहिलं, वर पाठवते म्हणाली. वाक्य निघेल का, मला माहीत नाही. अजून तरी उत्तर आलेलं नाही.

झाडाखाली बाकावर आम्ही बसलो. आईने एक पान चुरगाळून हुंगलं. आता गाळण्यासारखं माझ्याकडे एकच उरलं होतं.

"त्यांनी तुला एक निरोप दिला होता," मी म्हणाले. "मूर्ती त्यांच्याकडेच आली होती. त्यांना माहीत होतं ती आपली आहे ते. पहिल्या दिवसापासून. म्हणाले, आईला सांग, मी हिला रोज भात देतो."

"रोज?"

"रोज. गरम."

आईने डबी उघडली, तो हात तळव्यावर घेऊन बघितला आणि परत आत ठेवला. पाचची सुरावट वाजायला लागली आणि संपली.

"आणि हे तू मला आज सांगतेस," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली तिची पिशवी काढून घेऊन एकटीच स्टेशनकडे चालायला लागली.